मानमोडीनंतरची कमान

पुलाच्या दोन कमानी पुऱ्या झाल्या होत्या आणि तिसरी अर्ध्यावर आली होती, तेव्हा मानमोडीच्या साथीनं आम्हाला गाठलं.

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे जाताना वाटेत एक ओढा आडवा येतो. पावसाळ्यात त्याला पाणी चढलं की गाड्या दोन-दोन दिवस अलीकडेच सोडून ठेवाव्या लागत. निजामाच्या सरकारनं तिथं दगडी पूल बांधायला काढला होता. मी तेव्हा पंचविशीतला गवंडी होतो. माझा थोरला भाऊ त्याच कामावर होता. आम्हा दोघांना ज्यानं हातात थापी धरायला शिकवलं, तो मिस्त्री त्या कामाचा मुख्य होता. मिस्त्रीची बायको चुन्याच्या घाणीवर असे. बैल दगडी चाक गोल चरातून फिरवायचा, चाकाखाली चुना आणि वाळू मळली जायची, आणि त्यात गुळाचं पाणी नि बेलाचा गर किती घालायचा हे ती नुसतं बोटानं चाचपून सांगायची. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. तीस वर्षं ती नवऱ्याबरोबर कामांवर हिंडली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि आपलं म्हणावं असं गावही नव्हतं. जिथं काम तिथं त्यांची खोपी.

साथीचं आधी नुसतं कानावर आलं होतं. मुंबई-पुण्याकडं माणसं पटापट मरतायत, असं गाडीवान सांगायचे आणि आम्ही ऐकून सोडून द्यायचो. मग नगरकडून आलेला एक गाडीवान आमच्या छपरात मुक्कामाला राहिला, खोकत राहिला आणि सकाळी बैल जुंपून निघून गेला. आमचं छप्पर म्हणजे एक लांबच लांब पडवी. चाळीसेक माणसं तिथं एकमेकांना लागून झोपायची, एका रांजणातलं पाणी एकाच तांब्यानं प्यायची, एक चिलीम दहा तोंडांना लागायची. पाचव्या दिवशी निम्मी माणसं अंथरुणात होती. अंगात चटके बसतील असा ताप, आणि मान तर कुणी पिळून धरल्यासारखी. या साथीला मानमोडी का म्हणतात ते तेव्हा कळलं.

काकी सगळ्यांच्या आधी पडली आणि सगळ्यांच्या आधी उठली. मिस्त्री अंथरुणाला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर दोन दिवसांनी माझा भाऊ गेला. मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी शुद्धीवर नव्हतो. डोळे उघडले तेव्हा काकी माझ्या तोंडात ज्वारीची पेज घालत होती. मी भावाचं विचारलं. ती म्हणाली, "आधी गीळ." तिच्या आवाजावरूनच मला काय ते समजलं.

सरकारतर्फे कामावर देखरेख करायला एक दारोगा होता. हैदराबादकडचा, वयानं पन्नाशीचा, दखनी आणि मराठी मिसळून बोलणारा. तो तट्टावरून आला, छपराच्या बाहेरच उभा राहिला आणि त्यानं काम बंद केल्याचं सांगितलं. ज्यांना चालता येत होतं ते आपापल्या गावी गेले. कुणी आष्टीकडं, कुणी तेलगावच्या बाजूला. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांना त्यांच्या माणसांनी गाडीत घालून नेलं. राहिलो आम्ही दोघं. काकीला जायला गाव नव्हतं, आणि भावाशिवाय घरी जाऊन आईसमोर उभं राहायचं बळ माझ्यात नव्हतं.

आणि राहिली ती अर्धी कमान.

कमान कशी बांधतात हे सांगायला हवं. आधी लाकडाचा एक साचा उभा करतात, पालथ्या टोपलीसारखा. त्याला खालून जाड खांबांचा आधार असतो. दोन्ही बाजूंनी त्या साच्यावर दगड रचत वर जायचं. अगदी माथ्यावर, मधोमध, एक जागा शेवटपर्यंत मोकळी राहते. तिथं बसवायच्या दगडाला आम्ही चावी म्हणतो. ती बसली की सगळे दगड एकमेकांना रेटून धरतात आणि कमान स्वतःच्या पायावर उभी राहते. ती बसेपर्यंत मात्र त्या सगळ्या काळ्या दगडांचं ओझं लाकडावर असतं. आमची तिसरी कमान अशी लाकडाच्या भरवशावर उभी होती आणि तिची जबाबदारी घेणारा मिस्त्री मातीखाली गेला होता.

काकी रोज सकाळी कोरड्या ओढ्यात उतरायची आणि काठीनं एकेका खांबाला टोले द्यायची. मी काठावर बसून नुसता बघायचो. अंगात जोर नव्हता. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. पिकं जागच्या जागी वाळली. आभाळ इतकं स्वच्छ होतं की त्याचीच भीती वाटायची. एका सकाळी चौथ्या खांबाशी ती थांबली, दोनदा टोला मारला आणि मला हाक मारली.

"ऐक बरं."

तिनं आधी तिसऱ्या खांबावर मारलं. भरीव आवाज आला. चौथ्यावर मारलं तर फुटक्या मडक्यासारखा.

"वाळवी," ती म्हणाली. "आतून खाल्लाय. ह्यो गेला तर कमान जाईल, आन जाताना दुसरीचा पाया घेऊन जाईल."

आम्ही दोघांनी मिळून त्या खांबाशेजारी दगड रचले, पाचरी मारल्या. संध्याकाळ झाली. काकी म्हणाली, एवढ्यानं महिना-दोन महिने निघतील. त्याच्या आत चावी बसली पाहिजे.

"माणसं कुठून आणायची, काकी?"

"माणसं येतील," ती म्हणाली. "मला त्याचंच भ्याव वाटतं."

तेव्हा मला तिचं बोलणं उमगलं नाही. चार दिवसांनी दारोगा आला तेव्हा उमगलं. तोंडावर रुमाल बांधलेला, डोळे खोल गेलेले. त्याच्याही घरातली दोन माणसं साथीत गेली होती, हे नंतर कळलं. तो काकीपासून दहा पावलांवर दगडावर बसला.

"मिस्त्रीणबाई, वरून हुकूम आया. काम शुरू करो बोले. कहत, दुष्काळ पडलाय, लोकांना काम देना जरूरी है. पर मेरा दिल नहीं मानता. लोकांना जमा केलं आन फिर से बीमारी फैली तो?"

काकी म्हणाली, "साहेब, तुमी नुसती हाक मारा, सगळे येतील. घरात दाणा न्हाई, येतीलच. पर ते येतील म्हणून बोलवायचं, का आले तेवढे जित्ते परत जातील असं बघून बोलवायचं, ते तुमी ठरवा."

दारोग्यानं रुमालाआडून तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. एका चुना मळणाऱ्या बाईचं ऐकायचं की नाही हे तो ठरवत असावा. मग म्हणाला, "आप बोलो. कसं करायचं?"

ती बोलू लागली आणि मी बघतच राहिलो. आजवर मिस्त्री पुढं आणि ती मागं, अशीच मी तिला पाहिलेली. त्या महिनाभरात खांबांना टोले देता देता तिनं सगळं डोक्यात रचून ठेवलं होतं. मागे प्लेगाच्या साली ती दोघं एका गढीच्या कामावर होती. तिथं गाव उठून रानात राहायला गेलं आणि वाचलं, हे तिनं पाहिलेलं. एका छपराखाली आता कुणी झोपणार नाही, ती म्हणाली. रानात लांब लांब खोप्या घालायच्या. ज्यांना मानमोडी होऊन गेली आणि जे उठले, त्यांना ती या वर्षात पुन्हा धरत नाही असं तिच्या नजरेला आलं होतं. म्हणून कमानीवर, जिथं दोघातिघांनी एक दगड धरावा लागतो, तिथं फक्त उठलेले चढतील. ज्यांना झाली नाही ते खाणीवर, चुन्याच्या भट्टीवर, उघड्यावर, अंतर ठेवून. आणि येणारा प्रत्येक माणूस आधी पाच दिवस ओढ्याच्या पलीकडं वेगळा राहील, मग कामाला लागेल.

"पाच दिन बगैर काम के?" दारोगा म्हणाला. "हजेरीवरच ज्वारी मिलती. हजेरी कशी लावू?"

"लावा," काकी म्हणाली. "त्याचं कामच ते हाय. बसून ऱ्हायचं."

दारोगा हसला. साथीनंतर माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी दहा दिवस खोप्या घातल्या. तुराट्या आणि पऱ्हाटीच्या काड्या बांधून, वर कडबा टाकून, दोन खोप्यांमध्ये तीस पावलं मोजून. पहिल्या दिवशी एक खोपी घालून दमलो, शेवटी शेवटी दिवसाला पाच घालू लागलो. ते काम करता करताच माझ्या अंगात माणूस परत आला. मग निरोप गेले आणि लोक यायला लागले, जुने तसे दुष्काळामुळं काम शोधत आलेले नवेही. कुणाच्या मागं बायको होती, कुणाच्या मागं आता कुणीच नव्हतं. घाटातून उतरताना ते दिसायचे. मी ओढ्याच्या अलीकडं उभा राहून ओरडून त्यांची खोपी दाखवायचो. पूर्वी माणूस आला की मिठी मारायचो. आता लांबूनच एकमेकांकडं बघून रडायचो.

पाण्याची सोय काकीनं एका बाईकडं दिली. रांजणाला लांब दांड्याची पळी. ती बाई वरून ओतणार, प्रत्येकानं आपलं गाडगं खाली धरायचं. रांजणात दुसऱ्या कुणाचा हात जायचा नाही. हे लोकांनी ऐकलं. अडलं ते चिलमीवर.

"एकट्यानं चिलीम ओढायची?" एक जण म्हणाला. "मग ओढायची कावून?"

"नको ओढू," काकी म्हणाली.

"काकी, बापजाद्यापासून एका चिलमीवर बसलो आमी."

"आन एका तिरडीमागं गेलो. किती गेले मोज."

दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपापली चिलीम केली, कुणी मातीची, कुणी पानाची. तीस-तीस पावलांवर बसून ते एकमेकांना हाका मारत धूर सोडायचे. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ह्या रानात माणसं भांडून बसलीयत.

काम सुरू झालं त्या सकाळचं चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चुना घाणीवरून कमानीपर्यंत न्यायचा तर पूर्वी बायका रांगेत उभ्या राहून पाटी हातोहात द्यायच्या. आता काकीनं वाटेवर दहा-दहा पावलांवर एकेक सपाट दगड मांडला होता. पहिली बाई पाटी आणून पहिल्या दगडावर ठेवायची आणि मागं फिरायची. ती पुरती मागं गेली की दुसरी पुढं यायची, पाटी उचलून पुढच्या दगडावर नेऊन ठेवायची. कुणाचा हात कुणाला लागत नव्हता. तोंडावर पदर घट्ट बांधलेले, त्यामुळं बोलणं नाही. बांगड्यांचा आवाज, पाटी दगडावर टेकल्याचा आवाज, घाणीच्या चाकाची करकर, एवढंच. त्या बाया अशा पुढं-मागं होत होत्या की जणू कुणी त्यांना हे वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मी कमानीवर थापी घेऊन उभा होतो आणि खाली बघून माझ्या अंगावर काटा आला. मेलेल्यांच्या जागा त्या रांगेत मोकळ्या होत्या, आणि त्याच मोकळ्या जागांमुळं उरलेली माणसं सुखरूप होती.

दारोगा माझ्या खालच्या बाजूला उभा होता. तो स्वतःशीच म्हणाला, "या अल्ला, हे तर नमाजसारखं दिसतंय."

पंधरा दिवस नीट गेले. दोन्ही बाजूंनी दगड माथ्याकडं सरकत होते. मग एका दुपारी काकी घाणीवरून उठली आणि पाथरवटांकडं तोंड करून उभी राहिली. पाथरवट ओढ्याकाठच्या बाभळींखाली, लांब लांब बसून, दगड घडवत होते. सहा जणांच्या छिन्न्या वाजत होत्या. काकीनं डोळे मिटले.

"त्या टोकाच्या बाभळीखाली कोण हाय?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं. आष्टीकडचा एक पाथरवट, हातात कसब असलेला, बोलायला कमी. त्याला साथ झाली नव्हती.

"त्याचे दोन घाव सारखे पडत न्हाईत," ती म्हणाली. "सकाळपासून ऐकतीय. त्याला ताप हाय."

मला ते खरं वाटलं नाही. सहा छिन्न्यांच्या आवाजातून एकाची चूक कुणाला ऐकू येणार? मी त्याच्याजवळ गेलो, दहा पावलांवर थांबलो. त्याचा चेहरा तांबडा झाला होता आणि हातोडा धरलेल्या हाताला सूक्ष्म कंप होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हातोडा खाली ठेवला.

"कालपासून," तो म्हणाला.

"मग सांगितलं कावून न्हाईस बे?"

"सांगून काय? तुमी घरी धाडता. घरी चार तोंडं हायेत. इथल्या ज्वारीवर जगतायत." मग तो काकीकडं बघून ओरडला, "काकी, मी कुणाच्या जवळ गेलो न्हाई. तुझी शप्पत. कुणाच्याच न्हाई."

काकी त्याच्याकडं चालत गेली. ती उठलेली होती, तिला भीती नव्हती. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, त्याला धरून उठवलं आणि ओढ्यापलीकडच्या, सगळ्यांपासून लांब ठेवलेल्या खोपीत नेऊन निजवलं. त्याच पावली ती दारोग्याकडं गेली. त्याच्याशी असं बोलताना मी तिला आधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, चूक माझी हाय. सगळं बघितलं, माणसाचं पोट बघितलं न्हाई. आजारी पडला की हजेरी जाते म्हणून लोक ताप लपवणार. आन एकानं लपवला तर आपलं सगळं मुसळ केरात."

"कायदे में नहीं है, बाई. बीमार की हजेरी कशी लावू?"

"जसे पाच दिवस बसून राहिलेल्यांची लावली तशी. निजून ऱ्हायचं हेच त्याचं काम. त्यानं ते नीट केलं तर बाकीचे जगतील."

दारोग्यानं हजेरीची वही मिटली. हुकमाबाहेर जाणं त्याच्या पेशात सोपं नव्हतं. वरचा साहेब कधी आला आणि त्यानं हजेरी बघितली तर काय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो तट्टावर बसला आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजेरी घ्यायला आला तेव्हा त्यानं पाथरवटाचं नाव मोठ्यानं पुकारलं. सगळे चमकून बघू लागले. पलीकडच्या खोपीतून खोल आवाज आला, "हजर." दारोग्यानं ते लिहून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जिसको बुखार आये, बोलो. नाव कटणार नाही. ज्वारी घरी पोचंल. ये मेरी जुबान."

त्यानंतर दोघंजण स्वतःहून सांगायला आले. अंगात ताप भरतोय, डोकं ठणकतंय, असं लांबूनच ओरडून सांगितलं आणि आपल्या पायांनी पलीकडच्या खोपीकडं चालत गेले. एक बाई होती, तिला पाच दिवसांत उतार पडला. दुसरा भट्टीवरचा वयस्क माणूस. तो उठला नाही. काकी त्याच्याजवळ होती. तिनं त्या दिवशी काम थांबवलं आणि सगळ्यांना काठावर लांब लांब बसवून सांगितलं, "ज्याला भ्याव वाटतं त्यानं घरी जावं. कुणी नावं ठेवणार न्हाई."

मग पाण्याची पळी धरणारी बाई उठली, रांजणाजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "उद्या लवकर या. ऊन लई तापतंय आता." सगळे उठून आपापल्या खोप्यांकडं गेले. त्या माणसाला ताप कुठून लागला ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण ताप त्याच्यापाशीच थांबला. दुसऱ्या कुणाला लागला नाही.

आष्टीचा पाथरवट तोवर उठला होता. आता तोही उठलेल्यांत मोडत होता, म्हणून कमानीवर चढायला मोकळा होता. चावीचा दगड त्यानंच घडवला. माप काकीनं दिलं. मिस्त्रीनं ते कुठं लिहिलं नव्हतं. त्याला लिहिता येत नव्हतं. काकी साच्यावर चढली, मोकळ्या जागेत दोन्ही हात घातले, वर-खाली, आतून-बाहेरून चाचपलं आणि एका काडीवर नखानं खुणा केल्या. पाथरवटानं दगड घडवून दिला तेव्हा तिनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "खालच्या अंगाला केसाएवढा जास्त हाय." त्यानं पुन्हा घासला. दारोगा म्हणाला, एवढ्याशानं काय होतंय? काकीनं दगडावरून पुन्हा बोट फिरवलं.

चावी बसवताना आम्ही चौघं होतो, चौघंही मानमोडीतून उठलेले. दगड दोरांनी वर घेतला, जागेवर आणला, सोडला. तो अर्ध्यापर्यंत आपसूक गेला आणि थांबला. मग लाकडी मोगरीनं काकी सांगेल तिथं एकेक टोला. प्रत्येक टोल्याबरोबर आवाज बदलत गेला; आधी सैल, मग घट्ट, मग असा की तो दगडातून माझ्या पायांत आला. काकीनं हात वर केला. "बास." आम्ही थांबलो. मी कमानीवर आडवा होऊन दगडाला कान लावला. कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं.

चुना सुकायला तीन आठवडे दिले. मग साचा काढायचा दिवस आला. सगळ्यांत धोक्याचा दिवस हाच. खांबांखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या, सगळ्या एकदम आणि सारख्या, म्हणजे कमान एका बाजूला कलत नाही. पूर्वी माणसं खांबांजवळ गर्दी करून उभी राहायची आणि एकमेकांना ओरडून सांगायची. आता काकीनं प्रत्येक खांबाशी एकेकच माणूस ठेवला, आणि ती स्वतः काठावर लोखंडी घमेलं घेऊन उभी राहिली. तिनं घमेल्यावर एकदा वाजवलं की प्रत्येकानं एकच टोला द्यायचा. एवढं अंतर असूनही सगळ्यांचे हात एका वेळी उठत होते. बाकी सगळे, जवळपास साठ माणसं, दोन्ही काठांवर पसरून उभी. कुणी खोकलंसुद्धा नाही.

ठण्. टोला. थांबणं. ठण्. टोला. मधून चुन्याची बारीक भुकटी खाली सांडायची. मी दुसऱ्या खांबाशी होतो. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. कमान आणि साचा यांच्यामध्ये एक रेघ दिसू लागली होती. आधी केसाएवढी, मग काडीएवढी. त्या रेघेतून पलीकडचं ऊन दिसलं.

तेवढ्यात कमानीतून आवाज आला. मोठा नाही. झोपेत कूस बदलताना माणूस हुं करतो तसा. कमान अर्धं बोट खाली आली. मला वाटलं, आता सगळं अंगावर येणार. काठावरून काकीचा आवाज आला, अगदी साधा, "बसली. आता बसली. हलू नका."

आम्ही हललो नाही. कमानही हलली नाही. काळ्या दगडांची ती एवढी रास, हजारो मण वजनाची, कशाच्याही आधाराशिवाय हवेत उभी होती. मी सात-आठ वर्षं गवंडीकाम केलं होतं, कमानी पाहिल्या होत्या, तरी त्या दिवशी मला वाटलं, मी हे पहिल्यांदाच पाहतोय. पुढं मीही मिस्त्री झालो, कितीतरी कमानी उभ्या केल्या, पण तो क्षण पुन्हा आला नाही. दारोग्यानं टोपी काढून हातात घेतली होती आणि तो तसाच उन्हात उभा होता.

काकी ओढ्यात उतरली. सगळे बाजूला झाले. ती कमानीखाली गेली, मधोमध थांबली आणि वर बघत राहिली. मग खाली वाळूत बसली आणि रडायला लागली. मिस्त्री गेल्यापासून तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. थोड्या वेळानं मलाही रडू आलं, भावासाठी, इतक्या महिन्यांनी.

काम संपल्यावर लोक गावोगावी गेले. जाताना काहींनी मला मिठी मारली, काहींनी अजूनही लांबूनच हात जोडले. मी त्याच आठवड्यात आईकडं गेलो. काकीला बरोबर नेलं. आईनं दारात तिला बघितलं आणि विचारलं, "हीच का, जिनं तुला वाचवलं?" मी हो म्हणालो. आईनं तिचा हात धरून तिला आत नेलं. पुढची अकरा वर्षं काकी आमच्याकडंच राहिली. मी तेलगावच्या बाजूला एका विहिरीचं बांधकाम घेतलं तेव्हा ती साठीची असेल. तरी एका सकाळी बैलगाडीत बसून कामावर आली, चुन्यात बोट घालून बघितलं, गूळ कमी पडलाय म्हणाली, आणि माणसं कुठं झोपतात ते बघायला छपराकडं निघून गेली.